तीस अंशाचे तीनशे झाले त्याबद्दल: ठाण्यातल्या गणिताच्या सर-मॅडमना खुलं पत्र

ठाण्यातले समस्त गणिताचे सर, मॅडम, क्लासवाले आणि शाळेत परीक्षेचं खातं ज्यांच्या गळ्यात पडलंय ते सगळे, यांना सप्रेम नमस्कार.

मी नौपाड्यात टायपिंगची कामं करते. दुकान म्हणजे एका जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखालची जागा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि पावसाळ्यात दारात लावायला एक फळी. सोसायट्यांच्या नोटिसा, भाडेकरार, लग्नाचे बायोडेटा, सगळं करते, पण वर्षातले चार-पाच महिने माझं पोट तुमच्या प्रश्नपत्रिकांवर चालतं, घटक चाचणी, सहामाही, प्रिलिम, आणि क्लासवाल्यांच्या तर दर रविवारी टेस्ट. तेव्हा हे भांडण नाहीये, आधीच सांगते, भांडून मी जाणार कुठे.

झालं असं की मागच्या सहामाहीच्या आधी एका क्लासच्या सरांनी भूमितीचा पेपर पाठवला, हाताने लिहिलेला, व्हॉट्सॲपवर फोटो काढून, फोटोत अर्ध्या पानावर त्यांच्याच हाताची सावली. मी टाइप केला, पीडीएफ पाठवली, वर्डची फाइल पण पाठवली कारण त्यांना त्यांच्या क्लासचा हेडर लावायचा होता. त्यांनी (किंवा त्यांच्याकडच्या पोराने, तो वाद अजून मिटलेला नाही) सगळे प्रश्न कॉपी केले आणि दुसऱ्या फाइलमध्ये नुसता मजकूर म्हणून पेस्ट केले, छापले, रविवारी सकाळी पोरांना वाटले. प्रश्न होता, त्रिकोणाचा एक कोन ३०°, दुसरा ६०°, तिसरा काढा. पोरांच्या हातात आला तो एक कोन ३०० आणि दुसरा ६००.

बऱ्याच पोरांनी समजून घेतलं बिचाऱ्यांनी, त्यांना तुमच्या पेपरांची सवय आहे. एकाने मात्र स्वच्छ लिहून ठेवलं की त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० असते म्हणून असा त्रिकोण शक्य नाही, आणि त्याला शून्य मिळालं. माझ्या मते पूर्ण मार्क द्यायला हवे होते, पण मला कोण विचारतंय. सरांनी मला फोन करून झापलं ते वेगळं.

आता कबुली. चूक अर्धी माझी होती. मी डिग्रीचं चिन्ह टाइपच केलं नव्हतं. तीस लिहायचं, पुढे शून्य लिहायचं, ते शून्य सिलेक्ट करून कंट्रोल-शिफ्ट आणि प्लस दाबून वर चढवायचं, की झालं डिग्री, दिसायला अगदी तस्सं, वीस वर्षं मी हेच करतेय आणि ठाण्यातला प्रत्येक टायपिंगवाला हेच करतो, माझ्या ओळखीचा तरी. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते शून्यच आहे, फक्त स्टुलावर उभं केलेलं. नुसता मजकूर म्हणून पेस्ट केलं की स्टूल काढून घेतलं जातं आणि शून्य खाली उतरून तीसच्या शेजारी जाऊन बसतं. खऱ्या डिग्रीच्या चिन्हाचा स्वतःचा वेगळा नंबर असतो, ते कुठेही नेलं तरी डिग्रीच राहतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण तीन बटणं जास्त दाबायचा कंटाळा. त्या रविवारनंतर कंटाळा सोडला, आणि मग बसून शोधलं की अजून कुठे कुठे मी असली स्टुलं लावून ठेवलीयत. भरपूर निघाली, आणि निम्म्याहून जास्त तुमच्याकडून आलेल्या फाइलींमध्ये होती, म्हणून हे पत्र.

तीनशे अंश तरी बरं, निदान कोणाच्या तरी डोळ्यात खुपतं. खरी भीती न खुपणाऱ्या चुकांची आहे. तुमच्यापैकी बरेच जण 'लहान किंवा बरोबर'चं चिन्ह कसं करतात, तर कीबोर्डवरचं < हे चिन्ह घेतात आणि त्याला अंडरलाइन मारतात. 'बरोबर नाही' पाहिजे असेल तर = घेऊन त्यावर स्ट्राइकथ्रूची काट. डोकं चालवलंय, मान्य, पण अंडरलाइन म्हणजे परत स्टूलच. नववीच्या संचांच्या पेपरात प्रश्न होता की क्ष ≤ ५ असलेल्या नैसर्गिक संख्यांचा संच यादी पद्धतीने लिहा. फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, तिथून व्हॉट्सॲपवर, तिथून परत फाइलमध्ये, असा प्रवास करून आली तोवर खालची रेघ गळून पडली होती, राहिलं क्ष < ५. पोरांनी चार घटक लिहिले, बरोबर लिहिले, उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मॅडमकडे मूळ हस्तलिखितावरून केलेली उत्तरसूची, तिच्यात पाच. मला कळलं कारण एका मुलीची आई माझ्याकडे झेरॉक्सला आली होती आणि तिच्या हातात पेपर होता. नाहीतर कोणालाच कळलं नसतं, पोरीला वाटलं असतं आपलंच चुकलं.

आणि वर्गमूळ! इथे मी जरा वेळ घेणार आहे.

इन्सर्टमध्ये सिम्बॉल असं एक खातं असतं, तिथून √ हे चिन्ह मिळतं, बरेच जण ते आणून ठेवतात आणि पुढे आकडे लिहितात. √९ ला काही त्रास नाही. पण √९ + १६ लिहिलं की त्याचा अर्थ काय घ्यायचा? फक्त नऊचं मूळ घेतलं तर ३ + १६ म्हणजे १९, आणि सगळ्याचं घेतलं तर २५ चं मूळ, ५. पायथागोरसच्या प्रत्येक गणितात ही भानगड येते. तुम्ही फळ्यावर काढता तेव्हा वरची आडवी दांडी १६ च्या पार पुढेपर्यंत ओढता म्हणून पोरांना कळतं, दांडी आहे म्हणून तर ते गणित आहे. सिम्बॉलमधून आलेल्या √ ला दांडी नसते, नुसती टिकमार्क केल्यासारखं दिसतं. मग लोक काय करतात, कोणी शेप्समधून एक रेघ ओढून √ च्या डोक्यावर ठेवतात, आणि वरच्या परिच्छेदात एक शब्द वाढवला की मजकूर खाली सरकतो आणि रेघ जिथल्या तिथे, दुसऱ्याच प्रश्नावर जाऊन पडलेली. मी एका पेपरात ही रेघ 'खालीलपैकी कोणतेही दोन सोडवा' वर पडलेली पाहिलीय, त्यामुळे वाक्य खोडल्यासारखं दिसत होतं आणि पोरांनी चारही सोडवले.

गंमत म्हणजे ही दांडी मूळ चिन्हाबरोबर आलेलीच नाही. √ हे चिन्ह छापात पहिल्यांदा वापरलं ते रुडॉल्फ नावाच्या जर्मन गणितीने, १५२५ मध्ये, आणि वरची दांडी त्याला जोडली देकार्त या फ्रेंच गणितीने १६३७ मध्ये, म्हणजे मधली शंभरावर वर्षं लोकांची हीच पंचाईत होत असणार. आपल्याकडे तर त्याच्याही कितीतरी आधी भास्कराचार्यांच्या काळात (त्यांचा जन्म १११४ चा) करणी (पूर्ण न सुटणारं वर्गमूळ) लिहायची तर आकड्याच्या आधी नुसता 'क' लिहायचे, करणीचा क, आणि अज्ञात संख्येला 'या', यावत्तावत् मधला, दुसरी अज्ञात आली की 'का', कालकातला. वजा संख्येच्या डोक्यावर फक्त एक टिंब. म्हणजे बघा, ते सगळं मी माझ्या मराठी कीबोर्डवर आत्ता डोळे मिटून टाइप करू शकते (टिंबाचा अनुस्वार करून टाकेन फार तर). आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं गणित टाइपिंगला सोपं आणि आत्ताचं अवघड, काय म्हणायचं याला.

बरं, मी टाइपरायटरवर शिकलेली बाई आहे. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस. तेव्हा गणिताचा पेपर म्हणजे आम्ही मोकळ्या जागा सोडून द्यायचो, जिथे चिन्ह आहे तिथे तीन स्पेस, आणि मग सर स्वतः येऊन काळ्या पेनने चिन्हं भरायचे, स्टेन्सिल (प्रती काढायचा मेणाचा कागद) असेल तर टोकदार लोखंडी पेनाने जपून कोरायचे, जोरात दाबलं की स्टेन्सिल फाटायचं आणि सगळं पान परत. पण चिन्ह भरणारा माणूस गणिताचाच असायचा, त्यामुळे चूक क्वचित. कॉम्प्युटर आला, चिन्हं भरायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला दहावीला गणितात किती होते ते मी इथे लिहिणार नाही.

आता उपायाचं बोलते, कारण नुसती रड ऐकायला तुम्हाला वेळ नाही आणि मलाही दुकान उघडायचंय.

वर्ड वापरत असाल तर ऑल्ट दाबून धरा आणि बरोबरचं (=) बटण दाबा. एवढंच. एक छोटा डबा उघडतो, तो इक्वेशनचा डबा. त्याच्यात मेनूतून शोधत बसायची गरज नसते, सरळ टाइप करता येतं. एक तिरकी रेघ दोन आणि स्पेस मारला की अपूर्णांक होऊन वरखाली उभा राहतो. पॉवर पाहिजे तर सहाच्या बटणावरचं टोपीसारखं चिन्ह, मग आकडा, मग स्पेस. बॅकस्लॅश मारून इंग्रजीत एसक्यूआरटी लिहा आणि स्पेस दाबा, वर्गमूळ आलं, पुढे कंसात नऊ अधिक सोळा लिहून परत स्पेस दाबलात की कंस गायब होतो आणि दांडी आपोआप दोघांवरून जाते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी शेजारच्या इस्त्रीवाल्या दादांना बोलावून दाखवलं, त्यांनी बरं म्हटलं आणि गेले. बॅकस्लॅश एलई म्हणजे ≤, जीई म्हणजे ≥, एनई म्हणजे ≠, थीटा लिहिलं की थीटा, पाय लिहिलं की पाय, अँगल लिहिलं की ∠, देअरफोर लिहिलं की ∴. अर्थात हे सगळे शब्द इंग्रजी स्पेलिंगने आणि प्रत्येकानंतर स्पेस. तुम्हाला ते स्पेलिंग येतंच, मला पाठ करावं लागलं.

हे डब्यातलं लिखाण फाइल सरकवली म्हणून बिघडत नाही, फॉन्ट मोठा केला की तेही मोठं होतं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही ऐनवेळी फोन करून 'ताई, तो चार आहे ना त्याचा सात करा' म्हणालात तर मी सात करू शकते. फक्त हा डबा व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये पेस्ट करू नका, तिथे अपूर्णांक आडवा होतो आणि बाकीचं पण विस्कटतं. फाइल म्हणून पाठवा.

नुसतं एखादं चिन्ह पाहिजे, डबा नको, तर वर्डमध्येच दुसरी युक्ती आहे. चिन्हाचा नंबर टाइप करायचा आणि लगेच ऑल्ट-एक्स. २२६४ म्हणजे ≤, २२६५ म्हणजे ≥, २२६० म्हणजे ≠, २२३४ म्हणजे ∴, २२२० म्हणजे ∠. वर्गमूळाला २२१ आणि त्याला चिकटून इंग्रजी ए. मी इथे मराठी आकड्यांत लिहिलंय पण तुम्ही कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून टाइप करायचंय, मराठी आकड्यांवर ऑल्ट-एक्स ढिम्म हलत नाही, मी पाऊण तास घालवलाय त्यात. आणि आधीच्या आकड्याला चिकटून टाइप करू नका, पाचच्या पुढे लागून २२६४ मारलं तर ते बावन्न हजार दोनशे चौसष्ट असा एकच नंबर समजतं आणि चौकोन काढून देतं. मध्ये स्पेस ठेवा.

डिग्रीला मी आता ऑल्ट दाबून धरून उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर ०१७६ मारते. ०१७७ अधिक-उणे, ०२१५ गुणाकार, ०२४७ भागाकार. गुणाकाराचं म्हणून मुद्दाम सांगते, एक्सचं अक्षर गुणाकाराला वापरू नका हो. एका पेपरात 'एक्स गुणिले एक्स' होतं, तीन एक्स एका रांगेत उभे, आणि मी ते चुकून शिक्का मारल्यासारखं काहीतरी समजून काढून टाकलं होतं. लॅपटॉपला उजवीकडचं पॅड नसतं, तर विंडोज दहा-अकरावर विंडोजचं बटण आणि पूर्णविराम एकदम दाबा, इमोजीची खिडकी येते, तिच्यातच चिन्हांचा एक टॅब आहे आणि त्यात गणिताची वेगळी आहेत. एवढंही नको तर इन्सर्ट सिम्बॉलमध्ये चिन्ह निवडून तिथलंच ऑटोकरेक्टचं बटण दाबा आणि स्वतःचा शॉर्टफॉर्म ठरवा. मी डिग्रीला इंग्रजी डी तीनदा ठेवलाय, टाइप केला की बदलतो.

लिबरऑफिस या वर्डसारख्याच फुकट सॉफ्टवेअरवाल्यांना (तुम्ही थोडे आहात पण आहात, विशेषतः जे शाळेच्या लॅबमधून काम करतात) इन्सर्टमध्ये ऑब्जेक्ट, त्यात फॉर्म्युला. खाली एक पट्टी उघडते तिच्यात एसक्यूआरटी लिहून महिरपी कंसात आकडे टाकायचे, अपूर्णांकाला मध्ये ओव्हर लिहायचं. थोडं बोलून सांगितल्यासारखं आहे, मला उलट ते आवडतं. गुगल डॉक्समध्ये कॉम्प्युटरवर स्पेशल कॅरेक्टर्सच्या खिडकीत एक रिकामा चौकोन असतो, माउसने त्यात वेडंवाकडं चिन्ह काढलं तरी ते ओळखून समोर दहा-बारा चिन्हं मांडतं. तुमचं अक्षर ओळखणारं मशीन निघालंय, मला हेवा वाटतो.

आणि जे कॉम्प्युटरला हातच लावत नाहीत, सगळं फोनवर करतात, त्यांच्यासाठी. अँड्रॉइडवरच्या गुगलच्या कीबोर्डवर आकड्यांच्या पानावर जाऊन दोनचं बटण दाबून धरा, वर छोटा ² येतो. तीन धरा, ³. बरोबरचं धरा, ≠ मिळतं. < धरलं की ≤. चिन्हांच्या दुसऱ्या पानावर √, पाय, ÷, × आणि खरीखुरी डिग्री समोरच बसलेली असते. तुम्ही मेसेजमध्ये 'एक्स२' लिहून पाठवता आणि मी विचार करत बसते की हा एक्सचा वर्ग की एक्स गुणिले दोन की दुसऱ्या नंबरचा एक्स. बटण अर्धा सेकंद जास्त धरायचंय फक्त.

इथे मराठी माध्यमाच्या खालच्या वर्गांच्या बाईंसाठी एक वेगळं दुखणं. वर चढलेला ² हा युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला नंबर देणारी जगभराची यादी) आहे, त्याचा स्वतःचा नंबर आहे, पण वर चढलेला मराठी दोन नाहीये. सरळ मराठी आकड्यांना दहा जागा दिल्यात, वरच्या छोट्यांना एकही नाही. म्हणजे मराठी आकड्यांत पाचचा वर्ग लिहायचा तर एकतर ५² असं खिचडीकाम, नाहीतर परत स्टुलावरचा मराठी दोन, जो पेस्ट केला की खाली उतरतो आणि बावन्न होतो. अर्ध्याचं तसंच, ½ तयार मिळतो, मराठी आकड्यांचा नाही. त्यातल्या त्यात इक्वेशनचा डबा बरा, पण त्याचा जो ठरलेला कँब्रिया मॅथ नावाचा फॉन्ट आहे त्यात देवनागरी नाही, त्यामुळे मराठी आकडे तो दुसऱ्या फॉन्टमधून उसने आणतो आणि ते शेजारच्या चिन्हांपेक्षा जरा वेगळे, पाहुण्यासारखे दिसतात. चालवून घ्या. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये ठरलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये गेलंसुद्धा, त्यामुळे मनावर घेतलं तर होतं, पण ते माझ्या-तुमच्या हातात नाही.

हातात आहे ती दुसरी गोष्ट, जुने मराठी फॉन्ट. काही शाळांमध्ये अजून जुने फॉन्ट चालतात, युनिकोड न पाळणारे. त्या फॉन्टांनी मराठी अक्षरं आणि जोडाक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर नेऊन बसवलेत, म्हणजे ज्या जागेवर भागाकाराचं चिन्ह असायला हवं तिथे अर्धा ष किंवा कुठलातरी रफार येऊन बसलेला असू शकतो. तुम्ही ÷ टाकता, स्क्रीनवर भलतंच काहीतरी उगवतं, मग तुम्ही वैतागून चिन्हाचं चित्र चिकटवता. तिथून सगळी चित्रांची सवय लागलीय बघा. युनिकोड मराठीत टाइप केलं की हा प्रश्नच उरत नाही, मराठी वेगळ्या जागेवर, गणित वेगळ्या जागेवर, कोणी कोणाच्या खुर्चीत बसत नाही.

चित्रांबद्दल. दुसऱ्या पुस्तकातल्या गणिताचा स्क्रीनशॉट काढून पेपरात चिकटवायचा, हे क्लासवाल्यांमध्ये फार वाढलंय. छापल्यावर ते राखाडी येतं, झेरॉक्सची झेरॉक्स निघाली की वजाचं चिन्ह उडून जातं, आकडा बदलायचा तर सगळं परत टाइप, आणि ज्या मुलाला दिसत नाही आणि जो कॉम्प्युटरला वाचायला लावून ऐकतो त्याला त्या जागी काहीच ऐकू येत नाही. शेवटचं मला आधी कधी सुचलं नव्हतं. कळव्याहून एक बाई यायच्या, मुलाचे सराव पेपर माझ्याकडून सगळे परत टाइप करून घ्यायला, कारण चित्र असलं की त्याचं मशीन गप्प बसतं. इक्वेशनच्या डब्यातलं असेल तर वाचता येण्याची सोय तरी असते.

जुन्या प्रश्नसंचांचं पण सांगून टाकते. २००७ च्या आधीच्या पद्धतीने, वर्डमधल्या जुन्या इक्वेशन एडिटर ३.० मध्ये केलेली गणितं तुमच्या पेनड्राइव्हमध्ये ढिगाने आहेत. ती दिसतात, छापता येतात, पण डबल क्लिक केलं की उघडत नाहीत, आणि तुम्ही म्हणता ताईचा कॉम्प्युटर जुना आहे. कॉम्प्युटर माझा बरा आहे. त्या एडिटरमध्ये सुरक्षेची मोठी फट सापडली म्हणून जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो वर्डमधून काढूनच टाकला. मॅथटाइप नावाचं गणित टाइप करायचं वेगळं सॉफ्टवेअर असेल तर ती अजून उघडता येतात. नाहीतर जी गणितं खरंच परत लागणार आहेत तेवढी नव्याने टाइप करून घ्या, सगळा पेनड्राइव्ह माझ्यापुढे ठेवू नका.

आता हस्तलिखित. जे हाताने लिहून पाठवतात त्यांनी हाताने लिहावं, मला काही अडचण नाही, माझी रोजीरोटी आहे ती. पण थीटाच्या पोटातली रेघ दिसू द्या, नाहीतर मी शून्य टाइप करते. समरूपचं ∼ आणि एकरूपचं ≅ यात एकरूपच्या खालची बरोबरची (=) खूण नीट काढा, तुमच्यासाठी तो वेगळा धडा आहे, माझ्यासाठी ती एक नागमोडी रेघ आहे. वजाचं चिन्ह ओळीच्या शेवटी सोडू नका, मीही सोडणार नाही, हायफन ओळीच्या टोकाला राहून आकडा पुढच्या ओळीत गेला की उणे सातचे नुसते सात होतात. आणि फोटो काढताना खिडकीकडे पाठ नको.

एक शेवटची विनंती, आणि ही सगळ्यात मनापासून. मी प्रूफ पाठवते तेव्हा दहा सेकंदात अंगठा येतो. दहावीचा एका भागाचा पेपर चाळीस मार्कांचा, दोन तासांचा, पोरं दोन तास तो वाचणार आहेत, तुम्ही दहा मिनिटं तरी वाचा. आणि व्हॉट्सॲपच्या प्रिव्ह्यूमध्ये नको, छापून वाचा, जसा पोरांच्या हातात जाणार तसा. मी पीडीएफच पाठवत जाईन इथून पुढे, छापायला तीच वापरायची, वर्डची फाइल फक्त बदल करायला. हेडर लावायचा असेल तर मला सांगा, मी लावून देते, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

गणिताच्या पानाला मी मराठीच्या पानापेक्षा वीस रुपये जास्त घेते आणि त्यावरून दरवेळी घासाघीस होते. ज्यांची फाइल इक्वेशनच्या डब्यात केलेली येईल आणि मला फक्त मांडणी करायची असेल, त्यांना ते वीस रुपये माफ.

प्रिलिमचे पेपर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या, शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम येतात. दुकान सकाळी दहा ते दोन आणि पाच ते नऊ, मधल्या वेळात फोन केला तर मी झोपलेली असते.

आपली नम्र,
टायपिंगवाली ताई, नौपाडा, ठाणे (पश्चिम)

ता.क. चिन्हांच्या नंबरांचा एक कागद मी छापून ठेवलाय, एका पानात बसलाय, नंबर मुद्दाम इंग्रजी आकड्यांत आहेत. दुकानात आलात की घेऊन जा, फुकट आहे. त्या 'असा त्रिकोण शक्य नाही' वाल्या मुलाचे सर हे वाचत असतील तर त्यांनी दोन न्यावेत, एक त्या पोराला द्यावा, आणि मार्कांचं काय ते बघावं.